आकाशाची मोजणी

जमिनीच्या मोजणीत आयुष्याची तेहेतीस वर्षे खर्ची घातलेल्या मनुष्याने निवृत्तीनंतर आकाशाच्या वाटेस जाऊ नये, हा माझ्या अनुभवाचा निष्कर्ष मी लेखाच्या आरंभीच नमूद करून ठेवतो. कारण आधी निष्कर्ष लिहावयाचा आणि मागाहून त्यास पुरावा जोडावयाचा, ही जी कचेरीतील जुनी वहिवाट, तिचा संस्कार निवृत्तिवेतनाप्रमाणेच माझ्याकडे दरमहा बिनचूक चालू आहे.

भूकरमापक म्हणून मी नोकरीस लागलो आणि निमतानदार म्हणून निवृत्त झालो. निमतानदार म्हणजे दुसऱ्याने केलेल्या मोजणीतील चुका हुडकून काढणारा अंमलदार. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा आणि अशा चाळीस गुंठ्यांचा एकर, हे कोष्टक इतरांना पाठ असते, मला ते अंगात भिनले होते. बांध कोरण्यात पारंगत असलेल्या भाऊबंदांनी रात्रीच्या काळोखात हद्दीचा दगड चार बोटे सरकविला, तरी दुसऱ्या दिवशी नुसत्या नजरेने तो मला ओळखू येई, अशी तालुक्यात माझी ख्याती होती. आणि ख्याती ज्याची त्याला फार लवकर पटते, हा मनुष्यस्वभाव असल्यामुळे तिच्यावर माझा सर्वांहून अधिक विश्वास बसला होता. पुढील सर्व अनर्थाचे मूळ त्या विश्वासात आहे.

निवृत्त झाल्यावर एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात सहज फिरत असता, मोडक्या शिवणयंत्रांच्या व एकाकी पडलेल्या सायकलीच्या चाकांच्या घोळक्यात आठ फूट व्यासाची एक जाळीची छत्री आभाळाकडे तोंड करून पडलेली मला दिसली. एके काळी केबलवाल्याच्या गच्चीवर अशा चार-चार छत्र्या दिमाखात उभ्या असत आणि गल्लीतील शंभर घरे त्यांच्या मेहेरबानीवर मनोरंजन पावत. पुढे घरोघरी परातीएवढ्या डिश आल्या आणि या ऐश्वर्यवती भंगाराच्या भावात निघाल्या. या छत्रीचे वैशिष्ट्य असे की, तिच्या पाठीस जुन्या सायकलच्या पंपासारखा, परंतु त्याहून दांडगा, एक विजेवर चालणारा दांडा होता. त्यास अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. ३६ व्होल्टचा प्रवाह मिळाला की हा दांडा हळूहळू पुढे सरतो किंवा मागे येतो, आणि त्याबरोबर छत्री पूर्वेकडून पश्चिमेकडे मान वळविते. साधी छत्री ही एकाच दैवताला वाहिलेल्या भक्तासारखी असते. एकदा जिकडे तोंड केले तिकडेच तिचा जन्म जातो. ही फिरती छत्री मात्र बसल्या जागी आकाशातील सगळी तीर्थे करणारी होती. घासाघीस करून मी ती हातगाडीवर घातली, आणि सहकारनगरातील आमच्या घरासमोर ती वरात येऊन थांबली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी दारातूनच विचारले, "अहो, हिच्यात कुरडया वाळत घालता येतील का?"

प्रश्न उपहासाचा होता, तरी ऐतिहासिकदृष्ट्या अगदीच निराधार नव्हता. जाळीच्या छत्रीचे घराणे मुळातच घरगुती आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर आपल्या देशात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा जो थोर प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. आणि त्या खेड्यांत उपग्रहाकडे डोळे लावून बसलेल्या तीन मीटरच्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या केलेल्या होत्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. परंतु उपग्रह एका जागी स्थिर ठेवून त्याकरवी जगभर संदेश पाठविता येतील, ही कल्पना १९४५ साली 'वायरलेस वर्ल्ड' या नियतकालिकात मांडणारे आर्थर क्लार्क यांच्या कोलंबोतील घरी मात्र आपल्या शास्त्रज्ञांनी तसली एक छत्री नेऊन बसविली होती. कल्पनेच्या जनकाला तिचे फळ घरपोच मिळाल्याची उदाहरणे इतिहासात विरळा. पुढे १९८१ साली 'अ‍ॅपल' या उपग्रहाची चाचणी घेताना त्यास बैलगाडीवर चढविले होते, कारण लोखंडी वाहनाने चाचणीत विघ्न आले असते आणि लाकडी गाडीने ते येत नव्हते. उपग्रहाला जर बैलगाडी चालते, तर छत्रीला कुरडयांचे वावडे असण्याचे कारण नाही. परंतु हे सर्व त्या वेळी मला सुचले नाही आणि मी नुसताच "हं" म्हणालो.

आता आकाशाची वहिवाट कशी असते ते सांगितले पाहिजे. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरांवर एक वर्तुळ आहे. माझ्या साखळीने मोजावयाचे तर पस्तीस लाखांहून अधिक साखळ्या होतील, आणि साखळी ओढणाऱ्या शिपायाचा प्रवासभत्ता मंजूर करण्यास कोणताही अधीक्षक धजणार नाही. या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने तिच्याभोवती फिरतो, म्हणून खालून पाहणाऱ्यास तो खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी भासतो. या वर्तुळावर प्रत्येक देशाच्या, प्रत्येक कंपनीच्या जागा अंशांनी ठरलेल्या आहेत. ७४ अंश पूर्वेस आपला, ७६.५ वर अ‍ॅपस्टार, ७८.५ वर थायकॉम, ९३.५ वर पुन्हा आपला, ज्याच्यावरून दूरदर्शनची फ्री डिश चालते, आणि १०५.५ वर एशियासॅट, ज्याच्या पूर्वजाने १९९१ साली परदेशी वाहिन्यांचे दार आपल्या दिवाणखान्यात उघडले. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा माझे डोळे भरून आले. आकाशातसुद्धा गट क्रमांक होते! तेथेही हद्दी होत्या, शेजारी होते, अतिक्रमणाच्या तक्रारी होत्या. फरक इतकाच की, तेथे कोणी बांध कोरत नसे.

मोजणीचे गणितही मोठे रमणीय निघाले. छत्री ज्या खांबावर बसवावयाची तो खांब काटेकोर ओळंब्यात हवा. त्याच्या माथ्यावरील आस पृथ्वीच्या आसाशी समांतर हवा, म्हणजे उत्तरेकडे क्षितिजापासून पुण्याच्या अक्षांशाइतका, साडेअठरा अंश, वर उचललेला हवा. त्याच्या रोखाने नजर लावली की नेमका ध्रुवतारा दिसावा. बापाच्या मांडीवर जागा न मिळाल्यामुळे ज्याने अढळपद मिळविले, त्या बालकाच्या साक्षीने आमच्या छत्रीने फिरावयाचे होते. परंतु उपग्रह काही अनंत अंतरावर नाहीत, म्हणून छत्रीने त्या आसाशी काटकोन न करता आणखी तीन अंशांहून किंचित अधिक खाली मान लववावयाची. इतका विनय दाखविला म्हणजे ती पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत प्रत्येक उपग्रहासमोर बिनचूक येते. ठीक दक्षिणेला असताना तिची नजर क्षितिजापासून अडुसष्ट अंश वर हवी. दक्षिण शोधण्यासाठी होकायंत्र घेतले, तर लोखंडी खांबाजवळ जाताच त्याची मती फिरते. म्हणून मी सूर्याचा कौल घेतला. पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळातील बाराला नव्हे, तर सुमारे साडेबारा वाजून गेल्यावर, कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाच्या हुकमतीत चालते आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेस आहे. त्या क्षणी खांबाची छाया जिकडे पडली ती उत्तर.

हे सर्व मी यथासांग केले. खांबाच्या तळपट्टीत चार बोल्ट घातले, ओळंबा लावला, पाणसळ लावली, आणि खांब एका केसाइतकाही झुकलेला नाही असा दाखला मीच मला दिला. आणि खांब इतका उत्तम, इतका निश्चल उभा राहिला आहे हे पाहून, दुसऱ्याच दिवशी सौ.च्या आग्रहावरून त्याच्यापासून पश्चिमेच्या कठड्यापर्यंत कपडे वाळत घालण्याची दोरी मी स्वहस्ते बांधली. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा अशी विनंती आहे. मी स्वतः तो विसरलो.

ज्यांनी दूरचित्रवाणीचे पहिले दिवस पाहिले, त्यांना अँटेना फिरविण्याचा विधी सांगावयास नको. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला प्रक्षेपण मिळू लागले, आणि पुण्यातील यच्चयावत अँटेना तानाजीच्या दिशेने हात जोडून उभ्या राहिल्या. त्या काळी घराचा कर्ता पुरुष गच्चीवर, ज्येष्ठ चिरंजीव जिन्यात आणि गृहिणी संचासमोर, अशी रचना असे, "आलं का?" हा प्रश्न वरून खाली आणि "गेलं!" हे उत्तर खालून वर, वाटेत चिरंजीवांच्या हातून थोडे बदलून, पोहोचत असे. परंतु त्या यंत्रात एक दिलदारपणा होता. दिशा थोडी चुकली तरी पडद्यावर मुंग्या येत, मुंग्यांतून निवेदिका दिसे, आणि तेवढ्यावर संसार चाले. आजचे डिजिटल चित्र तसल्या तडजोडी जाणत नाही. ते असते तेव्हा संपूर्ण असते, बिघडले की त्याचे चौकोनी तुकडे होतात, आणि आणखी थोडे बिघडले की काळा पडदा. मध्यम मार्ग त्याच्या धर्मात नाही.

याच ठिकाणी मला या शास्त्रातील सर्वांत मौलिक तत्त्वाचा परिचय झाला. रिसीव्हर पडद्यावर दोन पट्ट्या दाखवितो. एकीस 'स्ट्रेंग्थ' म्हणतात, दुसरीस 'क्वालिटी'. पहिली पट्टी एवढेच सांगते की, तारेतून काहीतरी येत आहे. ते उपग्रहाचे असेल, शेजारच्या उपग्रहाचे असेल, तापलेल्या जमिनीतून निघणाऱ्या लहरींचे असेल किंवा नुसता कोलाहल असेल. छत्री पिंपळाच्या झाडाकडे रोखली तरी ही पट्टी ऐंशीच्या पुढे प्रसन्नपणे उभी राहते. दुसरी पट्टी त्या कोलाहलातून आपल्या कामाचे असे किती निवडून काढता आले ते सांगते. पहिल्या दिवशी माझी स्ट्रेंग्थ ९१ होती आणि क्वालिटी शून्य. मी दोन तास आनंदात होतो. सामर्थ्य भरपूर आणि अर्थ शून्य, ही अवस्था मी सभासंमेलनांतून पुष्कळ पाहिलेली असल्यामुळे वास्तविक ती मला त्वरित ओळखू यावयास हवी होती. परंतु वक्ता परका असला म्हणजे जे चटकन दिसते, ते छत्री आपली असली म्हणजे दिसत नाही.

आठ दिवसांच्या खटपटीने मात्र क्वालिटी आली. थायकॉमवर ७४ पर्यंत चढली. मी दांड्याचा आकडा नोंदविला: ४१२. अ‍ॅक्च्युएटर पुढे सरकताना आतील स्विच टिकटिकत असतो आणि रिसीव्हर ती टिकटिक मोजतो, म्हणून प्रत्येक उपग्रहाच्या स्थानास एक आकडा मिळतो. साधारण नऊ आकडे सरकले की एक अंश. एक अंश म्हणजे छत्रीच्या कडेला जेमतेम वीस मिलिमीटर, परंतु वर, उपग्रहांच्या वर्तुळावर, सहाशे किलोमीटरांहून अधिक; सरळ रेषेत पुण्याहून नागपूर. इकडे बोटभर चुकले की तिकडे अख्खा महाराष्ट्र ओलांडला जातो, याची जाणीव मनुष्याला नम्र करते असे म्हणतात. मला ती नम्र करू शकली नाही. मी रोज सकाळी आठ वाजता थायी मुष्टियुद्ध पाहू लागलो. भाषेचे एक अक्षर कळत नसे, त्यामुळे मतभेदाला जागा नव्हती. पुढे कानाने किंचित कमी ऐकू येऊ लागल्यावर आवाज थोडा वाढवावा लागला, इतकेच.

आणि मग तो विकार सुरू झाला. सकाळी नऊच्या सुमारास, ऐन रंगात आलेल्या लढतीत, एका मल्लाने ठोसा उगारावा आणि त्याचे चौकोन व्हावेत. क्वालिटी ७४ वरून ३१ वर, कधी १८ वर. दांडा आठ-दहा आकडे पूर्वेकडे सारला की पुन्हा ७४. मी समाधानाने नवा आकडा नोंदवून जेवावयास बसावे, तो दुपारी एक वाजता नव्या आकड्यावर चित्र नाही. आणि जुन्या ४१२ वर परत नेले की चित्र आहे. काही दिवस असे, काही दिवस अजिबात नाही.

सरकारी मनुष्याला संकट आले की तो वही आणतो. मी रोजनामा घातला. तारीख, वेळ, स्ट्रेंग्थ, क्वालिटी, दांड्याचा आकडा, हवामान, वाऱ्याची दिशा व शेरा, असे आठ रकाने पाडले आणि तीन महिन्यांत दोनशे पाने लिहिली. त्यावरून प्रथमदर्शनी जो निष्कर्ष निघाला तो माझ्या दृष्टीने निःसंशय होता: उपग्रह सरकत आहे. वस्तुतः उपग्रह सरकतात, हे खोटे नव्हे. चंद्र आणि सूर्य त्यांना ओढतात, आणि खालच्या केंद्रातून त्यांना वेळोवेळी हुकूम सोडून पुन्हा हद्दीत आणावे लागते. ही हद्द ठरल्या जागेपासून दोन्ही बाजूंना साधारण अंशाच्या दहाव्या भागाची असते, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांची, पुण्याहून लोणावळ्याच्या थोडे पलीकडे जाऊन यावे एवढी. परंतु माझ्या नोंदींवरून तो उपग्रह रोज सकाळी नागपूरला जाऊन दुपारी परत येत होता. ही गोष्ट सृष्टिनियमांत बसत नाही असे मला कोणी सांगितले असते, तर मी नियमांचा फेरविचार सुचविला असता.

बातमी षट्कर्णी झाली आणि सल्लागार मंडळ जमले. समोरच्या बंगल्यातील भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "ही सूर्यबाधा आहे, निमतानदारसाहेब." मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या आरंभी, पुण्याहून पाहता सूर्य उपग्रहाच्या नेमका पाठीमागून जातो, त्या वेळी छत्रीच्या मध्यभागी तिच्याच एलएनबीची, म्हणजे लहरी झेलणाऱ्या डबीची, सावली पडते, आणि सूर्याच्या प्रचंड गोंगाटात उपग्रहाचा क्षीण स्वर काही मिनिटे बुडून जातो. हे त्यांनी इतक्या सुबोध रीतीने समजाविले की, आमचा विकार काही मिनिटांचा नसून चार तासांचा आहे आणि महिना मे आहे, हे सांगताना मला संकोच वाटला. बँकेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांचा कटाक्ष मोबाइलच्या मनोऱ्यावर होता. २०२२ च्या ऑक्टोबरात ५जी आल्यापासून ते आपल्या गुडघेदुखीपासून सोसायटीच्या थकबाकीपर्यंत सर्व गोष्टींचे खापर तिच्यावर फोडीत. परंतु याही मतात तथ्य होते. या मोठ्या छत्र्या ज्या लहरी पकडतात, त्यांच्या शेजारच्याच पट्ट्यात ५जीचा मुक्काम आहे, आणि मनोरा जवळ असला की एलएनबीचे कान किटतात. मी चाळणी आणून बसविली. मनोऱ्याचा उपद्रव असलाच तर तो थांबला. सकाळी नऊचा थांबला नाही. मनोऱ्याने फक्त सकाळीच, आणि तेही आठवड्यातून तीनच दिवस, उपद्रव का द्यावा, याचा खुलासा शेजाऱ्यांनी दिला नाही; ते एवढेच म्हणाले की, आजकाल कोणाचा काही भरवसा नाही.

डिश बसविणारा एक मुलगा आला, त्याने पाना घेऊन सगळे नट आवळले, तळपट्टीचे सोडून, आणि "काका, आता बघा" म्हणून तो गेला. परदेशी असलेल्या चिरंजीवांनी दूरध्वनीवरून सुचविले, "बाबा, हे सगळं आता इंटरनेटवर दिसतं. गच्चीवर कशाला चढता?" ज्याने लहानपणी जिन्यात उभे राहून "गेलं" चे "आलं" केले, त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा नव्हती.

सर्वांत विस्मयकारक असा पावसाळा गेला. पावसाने चित्र जाते, ही समजूत परातीएवढ्या डिशवाल्या घरांत अनुभवसिद्ध आहे, कारण त्यांच्या आखूड लहरी जाड थेंबांत अडकतात. आमच्या मोठ्या छत्रीच्या लहरी सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीच्या, त्या पावसाला फारशी दाद देत नाहीत. तरीही दाद न देणे वेगळे आणि प्रकृती सुधारणे वेगळे. जून ते सप्टेंबर, आभाळ फाटलेले, खिडकीतून समोरचे घर दिसेना, आणि आमच्याकडे क्वालिटी ७४. चार महिन्यांत एकदाही चौकोन पडला नाही. रोजनाम्याच्या शेऱ्यात मी लिहिले: "पर्जन्याने उपग्रहास स्थैर्य प्राप्त होते." ऑक्टोबरात ऊन पडले आणि उपग्रह पुन्हा नागपूरला जाऊ लागला.

या सर्व काळात घरातील एक गोष्ट मात्र सुधारली होती, आणि न्यायाची म्हणून ती नमूद केली पाहिजे. आमच्या गोधड्या विलक्षण स्वच्छ राहू लागल्या. पूर्वी दिवाळीला आणि उन्हाळ्यात धुतल्या जाणाऱ्या गोधड्या आता आठवड्यातून तीन-तीनदा धुतल्या जात. मी एकदा कौतुकही केले. सौ. म्हणाल्या, "अंगाला लागतं ते स्वच्छ नको का?" मला तो विचार पटला.

पुढच्या मे महिन्यात गच्चीची गळती काढण्यासाठी गवंडी आला. खांबाच्या तळाशी गोल कट्टा बांधावा म्हणून त्याने सवयीने खिशातून ओळंबा काढला, खांबाला लावला आणि क्षणभर पाहून म्हणाला, "सायेब, ह्यो खांब वळंब्यात न्हाई."

निमतानदाराच्या खांबाविषयी हे उद्गार ऐकून मला जे वाटले त्याचे वर्णन करीत नाही. मी त्यास तेहेतीस वर्षांच्या तालुक्यांची नावे सांगू लागलो, तोच त्याने दोरीवरच्या चार ओल्या गोधड्या एकेक करून उतरविल्या आणि पुन्हा ओळंबा लावला. "आता बगा. आला जाग्याव." खांब ओळंब्यात होता. त्याने पायाच्या अंगठ्याने तळपट्टी दाबली. चारांपैकी दोन नट सैल होते आणि त्यांच्या खालचे वॉशर गंजून नाहीसे झाले होते. ताणून बांधलेल्या दोरीच्या मध्यावर भार लटकविला की तिच्या टोकांना बसणारी ओढ त्या भाराच्या कितीतरी पट होते, हे मला शाळेत शिकविले होते. ओल्या गोधडीचा भार मला कोणी शिकविला नव्हता. चार गोधड्यांनी खांब एक अंश पश्चिमेकडे झुके, मी दांडा पूर्वेकडे सारून त्याची भरपाई करी, दुपारपर्यंत गोधड्या वाळत, खांब सरळ होई, आणि माझी भरपाईच चूक ठरे. पावसाळ्यात कपडे आत पडवीत वाळत. सहाशे किलोमीटरांचा तो सगळा प्रवास आमच्या गच्चीवर, तळपट्टीच्या दोन नटांत, घडत होता. आणि दोरीची गाठ माझ्या हातची होती.

मी रोजनामा घेऊन खाली गेलो. तारखांचा रकाना आणि गोधड्यांचा दिवस यांचा मेळ घालणे एवढेच बाकी होते. सौ. तांदूळ निवडीत होत्या. मी म्हणालो, "अगं, ऐकलंस का? दोरीमुळं होत होतं सगळं. गोधड्यांमुळं."

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. एक खडा बाजूला टाकला आणि शांतपणे म्हणाल्या, "हो. त्या मारामारीचा आवाज फार होतो सकाळी. गोधड्या घातल्या की बंद पडते."

किती दिवसांपासून त्यांना हे ठाऊक होते, असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी दोनशे पानांत जे शोधीत होतो ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात, एकही रकाना न पाडता, हेरले होते आणि केवळ हेरून न थांबता त्याचा यथायोग्य उपयोग सुरू केला होता. पावसाळ्याचे चार महिने त्यांचा नाइलाज झाला, एवढेच त्यांना वाईट वाटत होते. प्राध्यापकांना सूर्य दिसला, शेजाऱ्यांना मनोरा दिसला, मला ३५,७८६ किलोमीटरांवरचा उपग्रह डळमळताना दिसला; खांबाला बांधलेली दोरी मात्र तिच्यावर रोज कपडे घालणाऱ्या व्यक्तीलाच दिसली. स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी यांतील भेद मला रिसीव्हरने शिकविला असे मी वर लिहिले आहे. ते विधान मी याद्वारे मागे घेतो.

त्याच संध्याकाळी उभयपक्षी तह झाला. गवंड्याने तळपट्टीचे चारही नट नवे घालून भोवती कट्टा बांधला. दोरी खांबावरून सोडून पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याला बांधण्यात आली. आणि मुष्टियुद्धाचा आवाज बाराच्या वर जाणार नाही, असे मी कबूल केले. तेव्हापासून दांड्याचा आकडा ४१२ वरून हललेला नाही, म्हणून रोजनामा बंद केला आहे. त्यातील शेवटची नोंद अशी: सकाळ, नऊ वाजून दहा मिनिटे, आभाळ निरभ्र, दोरीवर ओल्या गोधड्या चार, क्वालिटी ७४, आवाज बारा.